एका कार्डावर दोन मालक: लिनक्समधली ग्राफिक्स ड्रायव्हरची पॅकेजं एकमेकांना का नडतात

काल रात्रीपर्यंत मशीन ठणठणीत चालत होतं. मधल्या वेळात सिस्टीमने आपले आपण अपडेट उरकून घेतले, आणि आज एखादा प्रोग्राम सुरू करायला जावं तर तो म्हणतो, ग्राफिक्स कार्डच दिसत नाही. टर्मिनल उघडून एनव्हिडियाच्या कार्डाची स्थिती दाखवणारी 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड चालवली की एक ओळ उमटते: 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच'. ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, एवढाच तिचा अर्थ.

या ओळीला घाबरून बरेच जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. पहिल्या ठिकाणाहून घेतलेला बिघडला म्हणून या वेळी दुसरीकडून घेतात. तोही चालला नाही की तिसरीकडून. दिवस मावळेपर्यंत स्क्रीन काळी पडलेली असते आणि सिस्टीममध्ये तीन ठिकाणच्या पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांची, खिचडी झालेली असते. मुळात त्या पहिल्या ओळीवर उपाय होता फक्त रीबूट. का, ते कळलं की पॅकेजांच्या भांडणातलं बरंचसं उलगडतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ड्रायव्हरचे दोन तुकडे

आपण 'ड्रायव्हर' असं एकवचनात म्हणतो, पण ग्राफिक्सच्या बाबतीत ते दोन वेगळे तुकडे असतात आणि दोन वेगळ्या जागी राहतात. एक तुकडा कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, असतो, त्याला कर्नल मॉड्यूल म्हणतात. कार्डाशी प्रत्यक्ष बोलणं, त्याची मेमरी वाटून देणं, स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवणं ही कामं त्याची. दुसरा तुकडा म्हणजे लायब्ररींचा संच. गेम, ब्राउझर किंवा त्रिमितीय चित्रं काढणारा प्रोग्राम ओपनजीएल किंवा व्हल्कनच्या भाषेत सांगतो की अमुक त्रिकोण रंगव. लायब्ररी ते सांगणं त्या विशिष्ट कार्डाला कळणाऱ्या आज्ञांमध्ये बदलते आणि मॉड्यूलच्या हाती देते.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये हे दोन तुकडे आपसात जे बोलतात ते त्यांचं खासगी बोलणं आहे आणि दर आवृत्तीत बदलू शकतं. त्यामुळे दोघांचे आकडे तंतोतंत जुळावे लागतात. दोन्हीकडे '५३५' असून भागत नाही. मॉड्यूल ५३५.१७१.०४ आणि लायब्ररी ५३५.१८३.०१ असेल तर एकाच शाखेतले असूनही ते एकमेकांना ओळख देत नाहीत.

आता अपडेटच्या वेळी काय घडलं ते पाहा. पॅकेज मॅनेजरने, म्हणजे पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामने, डिस्कवरच्या लायब्ररी बदलल्या. मॉड्यूलची नवी फाइलही डिस्कवर आली. पण जुनं मॉड्यूल आधीच मेमरीत चढलेलं आहे आणि तुमचा डेस्कटॉप त्याच्यावरच उभा आहे, त्यामुळे चालत्या सिस्टीममधून ते काढता येत नाही. नवा प्रोग्राम सुरू झाला की तो नवी लायब्ररी उचलतो, ती जुन्या मॉड्यूलचं दार ठोठावते आणि परत फिरते. रीबूट केलं की नवं मॉड्यूल मेमरीत येतं आणि आकडे जुळतात. इथे पॅकेजांचं भांडण झालेलंच नव्हतं, काम फक्त अर्ध्यावर थांबलेलं होतं. हा फरक ओळखणं फार मोलाचं आहे, कारण खरी भांडणं बहुतेकदा या अर्धवट स्थितीत घाईने केलेल्या दुरुस्तीतूनच जन्माला येतात.

एएमडी आणि इंटेलच्या कार्डांना हा त्रास कमी का होतो, तेही इथेच सांगतो. त्यांची मॉड्यूलं, उदाहरणार्थ 'एएमडीजीपीयू' आणि 'आय९१५', लिनक्स कर्नलसोबतच येतात आणि लायब्ररीचा भाग मेसा या मुक्त प्रकल्पात असतो. कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडत नाही, हा लिनक्सचा जुना आणि कडक नियम आहे. त्यामुळे मेसा थोडा पुढे आणि कर्नल थोडा मागे असला तरी गाडी चालते. मात्र एएमडीच्या स्वतःच्या पॅकेजातून वेगळं मॉड्यूल आणून बसवलं, तर त्या कार्डालाही पुढच्या बहुतेक गोष्टी लागू होतात.

फाइल एक, मालकही एकच

पॅकेज मॅनेजरकडे एक खातेवही असते. डिस्कवरची कोणती फाइल कोणत्या पॅकेजने आणली याची त्यात नोंद असते आणि एका फाइलला एकच मालक असतो. डेबियन किंवा उबुंटूवर 'डीपीकेजी' या कमांडला '-एस' आणि फाइलचा पत्ता दिला की ती मालकाचं नाव सांगते. फेडोरावर 'आरपीएम -क्यूएफ' हेच काम करते.

दुसऱ्या पॅकेजने तीच फाइल आणायचा प्रयत्न केला की डीपीकेजी तिथेच थांबतो आणि कळवतो की अमुक फाइलवर हे पॅकेज लिहू पाहतंय, पण ती आधीच तमुक पॅकेजात आहे. लाल अक्षरांतला हा संदेश पाहून सिस्टीम मोडली असं वाटतं. प्रत्यक्षात तिला मोडण्यापासून वाचवणारा तो पहारेकरी आहे. त्या ओळीत दोन पॅकेजांची नावं असतात आणि तुम्हाला हवी असलेली सगळी माहिती त्या दोन नावांतच असते. दोन्ही कोणत्या रेपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन कोठारातून) आली ते शोधायचं, एक ठेवायचं, एक काढायचं. जबरदस्तीने लिहायला लावणारा 'फोर्स-ओव्हरराइट' हा पर्याय मी तरी ग्राफिक्सच्या पॅकेजांसाठी वापरू नका असंच सांगेन. त्याने संदेश नाहीसा होतो, पण खातेवहीत एकाचं नाव आणि डिस्कवर दुसऱ्याचा तुकडा अशी गत होते.

पॅकेज आपल्या माहितीत स्वतःही काही जाहीर करतं: मला कोणाची गरज आहे, मी कोणासोबत राहू शकत नाही, मी कोणाची जागा घेतो. ५३५ चं पॅकेज टाकलेलं असताना ५५० चं टाकलं की पहिलं आपोआप निघतं, ते याच जाहीरनाम्यामुळे. त्या वेळचा संघर्ष मुद्दाम ठेवलेला आणि उपयोगी असतो. गडबड होते ती वेगवेगळ्या घरांत बांधलेल्या पॅकेजांमध्ये, कारण त्यांनी एकमेकांबद्दल काहीच जाहीर केलेलं नसतं.

यामागचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. ओपनजीएल वापरणारा प्रत्येक प्रोग्राम 'लिबजीएल' नावाची एक ठरलेली फाइल मागतो. मेसाची लिबजीएल होती, एनव्हिडियाचीही होती, आणि दोघींचं नाव व जागा एकच. एनव्हिडियाचा इन्स्टॉलर मेसाची फाइल बाजूला सारून आपली ठेवायचा. काही दिवसांनी मेसाचा अपडेट आला की तो पुन्हा आपली ठेवायचा, आणि वापरणाऱ्याला कळायचं नाही की कालचा वेग आज कुठे गेला. डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे उबुंटू-फेडोरासारखे लिनक्सचे संच बनवणाऱ्यांनी, फाइलींच्या जागा वळवून, दुवे फिरवून अनेक वर्षं हे कसंबसं सांभाळलं. मग 'लिबजीएलव्हीएनडी' आली. ती कोणत्याच कंपनीची बाजू न घेता मध्ये बसते, प्रोग्रामची मागणी ऐकते आणि योग्य त्या लायब्ररीकडे पाठवते. आता मेसाच्या फाइलीच्या नावात 'मेसा' असतं, एनव्हिडियाच्या फाइलीच्या नावात 'एनव्हिडिया', आणि दोघी एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात. इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन्ही चिप असलेले लॅपटॉप आज बऱ्यापैकी चालतात, त्यात या मध्यस्थाचा मोठा वाटा आहे.

भांडण नेमकं कुठून येतं

उबुंटूवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर निदान चार वाटांनी येऊ शकतो: उबुंटूच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतून, ग्राफिक्स-ड्रायव्हर्स नावाच्या पीपीएतून (उबुंटूच्या मुख्य संग्रहाबाहेरच्या रेपॉझिटरीतून), कूडासाठी (ग्राफिक्स कार्डाकडून गणितं करवून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या यंत्रणेसाठी) एनव्हिडियाने ठेवलेल्या रेपॉझिटरीतून, आणि '.रन' प्रकारच्या इन्स्टॉलर फाइलीतून. चारही वाटा आपापल्या जागी रीतसर आहेत. त्या एकत्र आल्या की घोळ होतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते कूडाच्या वाटेवर. एखाद्याला मशीन लर्निंगचं काम करायचं असतं. ड्रायव्हर आधीच उबुंटूकडून घेतलेला असतो. तो कूडाची रेपॉझिटरी जोडतो, सूचनांप्रमाणे एक छोटी फाइलही ठेवतो. त्या फाइलीत रेपॉझिटरीला ६०० ही प्राथमिकता दिलेली असते. बाकी रेपॉझिटऱ्यांची ठरलेली प्राथमिकता ५००. म्हणजे त्या क्षणापासून एकाच नावाचं पॅकेज दोन्हीकडे असेल तर कूडाकडचंच निवडलं जाणार. मग तो 'कूडा' नावाचं पॅकेज मागतो. हे पॅकेज साधनांसोबत ड्रायव्हरही ओढून आणतं. काही पॅकेजं नव्या घरातून येतात, काही जुन्या घरातली राहतात, दोघांनी फाइलींची वाटणी वेगळी केलेली असते, आणि एपीटी हा उबुंटूचा पॅकेज मॅनेजर 'अनमेट डिपेंडन्सीज', म्हणजे गरजा पुऱ्या होत नाहीत, म्हणून हात वर करतो. खरं तर ड्रायव्हर आधीच चालू असताना त्याला 'कूडा-टूलकिट' एवढंच पुरलं असतं. ते फक्त साधनं आणतं, ड्रायव्हरला हात लावत नाही. एका नावाचा फरक, पण त्याने दिवसभराचा मनस्ताप वाचतो.

.रन फाइलीची अडचण वेगळीच आहे. ती खातेवहीत काहीच लिहीत नाही. फाइली थेट सिस्टीमच्या फोल्डरांत ठेवते. पॅकेज मॅनेजरला विचाराल तर तो म्हणेल एनव्हिडियाचं काहीच बसवलेलं नाही, आणि पुढच्या अपडेटमध्ये बेधडक त्यांच्यावर लिहून मोकळा होईल. अशा मशीनवर आधी 'एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' चालवून ते सगळं काढायचं आणि मगच पॅकेज टाकायचं. उलट क्रमाने केलं तर अनइन्स्टॉलर पॅकेजाच्या फाइलीही सोबत नेऊ शकतो.

मग नूव्हो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्या लोकांनी कार्डाचं वागणं उलगडत उलगडत लिहिलेलं हे मुक्त मॉड्यूल २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलसोबत मुख्य लिनक्समध्ये आलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत तसं एका कार्डावर दोन मॉड्यूलं राहत नाहीत. जे आधी पोचतं ते कार्ड धरतं. म्हणून एनव्हिडियाचं पॅकेज 'नूव्हो चढवू नका' असं सांगणारी एक फाइल मॉड्यूलं चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये ठेवतं. ही ब्लॅकलिस्ट हाताने लिहिणारे एका जागी हमखास फसतात. बूटच्या अगदी सुरुवातीला कर्नल मुख्य डिस्क वाचत नाही, 'इनिटरामएफएस' नावाची एक छोटी गाठोडी उघडतो आणि नूव्होची प्रत त्या गाठोडीतही असते. फाइल लिहून गाठोडी पुन्हा बांधली नाही तर ब्लॅकलिस्ट वाचली जाण्याआधीच नूव्हो कार्डावर बसलेला असतो. डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरामएफएस -यू', फेडोरावर 'ड्रॅकट', आर्चवर 'एमकेइनिटसीपीआयओ' ही गाठोडी बांधायची साधनं.

याची उलट बाजू फारशी कोणी सांगत नाही. एनव्हिडियाचं पॅकेज काढलं, पण ब्लॅकलिस्टची फाइल मागे राहिली, तर कार्डाला एकही ड्रायव्हर उरत नाही. स्क्रीन दिसते, पण सगळं मुख्य प्रोसेसरच रंगवत असतो: पंखा घोंघावतो, खिडकी ओढली की मागे मागे येते. 'जीएलएक्सइन्फो' चालवून रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर समजा की हेच झालंय. एपीटीचा 'रिमूव्ह' सेटिंगच्या फाइली ठेवतो, 'पर्ज' त्याही काढतो. इथे पर्जच हवा.

कर्नल बदलला की

लिनक्स बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द पाळतो असं वर म्हटलं. कर्नलच्या आतल्या मॉड्यूलांना मात्र त्याने असा शब्द कधीच दिलेला नाही, आणि कर्नल घडवणाऱ्यांनी हे विचारपूर्वक ठरवलेलं आहे. म्हणून कर्नलबाहेर वाढलेलं मॉड्यूल दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस ही यंत्रणा डेलमध्ये तयार झाली. नवा कर्नल आला की ती मॉड्यूलचा सोर्स घेते, त्या कर्नलची हेडर पॅकेजं (बांधणीला लागणारी कर्नलची माहिती) घेते आणि कंपाइल करते.

यातलं काहीही कमी पडलं की नव्या कर्नलवर ड्रायव्हर नसतो. हेडर बसवलेले नसतात, किंवा ड्रायव्हरची आवृत्ती इतकी जुनी असते की नव्या कर्नलमधले बदल तिला पचत नाहीत. कधी कंपायलरच नडतो. उबुंटू २२.०४ वर ६.५ हा कर्नल आला तेव्हा तो जीसीसी १२ ने बांधलेला होता आणि सिस्टीमचा नेहमीचा कंपायलर होता जीसीसी ११. नव्या कर्नलने दिलेला एक पर्याय जुन्या कंपायलरला कळेना आणि मॉड्यूल बांधलं जाईना. जीसीसी १२ बसवला की सुटत होतं. पण हे कळायचं कुठून? डीकेएमएसच्या बांधणीच्या लॉगमधून. 'डीकेएमएस स्टेटस' चालवा. ज्या कर्नलवर तुम्ही आहात त्याच्यापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल तर व्हार-लिब-डीकेएमएस या फोल्डरमध्ये 'मेक.लॉग' शोधा आणि त्यातली पहिली चूक वाचा. शेवटची नको, कारण शेवटच्या ओळी फक्त पहिल्या चुकीचे पडसाद असतात.

मॉड्यूल व्यवस्थित बांधलं गेलं आणि तरी चढत नसेल तर सिक्युअर बूट पाहा. तो चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येऊन किल्ली नोंदवायला सांगते. 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते. बरेच जण गोंधळून पुढे जाऊ देतात आणि मग ड्रायव्हर टाकला तरी का चालत नाही हे शोधत बसतात.

जुन्या आणि अगदी नव्या कार्डांचा प्रश्न भांडणासारखा दिसतो, पण तो वेगळा आहे. केपलर पिढीची कार्डं ४७० या शाखेपर्यंतच चालतात, फर्मी पिढीची ३९० पर्यंत. त्यांच्यावर ५५० टाकलं तर पॅकेज विनातक्रार बसेल, कार्ड मात्र ओळखलं जाणार नाही. दुसरीकडे मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. ही खुली मॉड्यूलं ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांनाच चालतात, आणि ब्लॅकवेल पिढीला तर फक्त तीच चालतात. उबुंटूत त्या पॅकेजांच्या नावाच्या शेवटी 'ओपन' असतं. कार्ड कोणत्या पिढीचं हे आधी पाहिलं तर निवड आपोआप होते.

स्टीम हे गेमचं ॲप वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: त्याला ३२-बिट लायब्ररीही लागतात आणि ६४-बिटच्या जोडीने त्यांचीही आवृत्ती अगदी तीच असावी लागते. एक रेपॉझिटरी ३२-बिट पॅकेज देत नसेल तर तिथेच गाठ बसते. फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीतले प्रोग्राम आपली वेगळी लायब्ररी बाळगतात, तीही मॉड्यूलच्याच आकड्याची लागते. म्हणून ड्रायव्हरच्या अपडेटनंतर 'फ्लॅटपॅक अपडेट' करायला विसरू नका.

गुंता सोडवायला बसताना

काहीही काढण्याआधी चार गोष्टी पाहून लिहून ठेवा. 'एलएसपीसीआय -के' कार्डावर सध्या कोणतं मॉड्यूल बसलंय ते सांगतं. प्रॉक फोल्डरमधल्या ड्रायव्हर, त्यातल्या एनव्हिडिया, त्यातल्या व्हर्जन या फाइलीत मेमरीतल्या मॉड्यूलचा आकडा मिळतो. 'मॉडइन्फो' डिस्कवरच्या मॉड्यूलचा आकडा देतो. आणि 'एपीटी-कॅश पॉलिसी' पॅकेजाच्या नावासह चालवलं की ते कोणत्या रेपॉझिटरीतून आलं ते कळतं. शेवटच्या उत्तरात अनोळखी पत्ता दिसला तर बहुधा चोर तिथेच सापडतो.

स्क्रीनच काळी असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराची स्क्रीन मिळते का पाहा. तीही नसेल तर ग्रबच्या, म्हणजे बूटच्या मेनूच्या, यादीत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि त्या बूटपुरतं साधं ग्राफिक्स घेऊन आत शिरा.

मग क्रम असा ठेवा. आधी नको असलेली रेपॉझिटरी आणि तिची प्राथमिकतेची फाइल काढा, नाहीतर स्वच्छ केलेल्या जागी तोच कचरा परत येईल. पॅकेजांची यादी ताजी करा. मग एनव्हिडियाची सगळी पॅकेजं पर्ज करा, पण 'हो' म्हणण्याआधी काय काय निघणार आहे ती यादी वरपासून खालपर्यंत वाचा. त्यात डेस्कटॉपचं पॅकेज दिसलं तर थांबा. रीबूट करून नूव्होवर साधी स्क्रीन येते का ते बघा. या टप्प्याला लोक कंटाळतात, पण जमीन साफ झाल्याचा हाच एक पुरावा असतो. त्यानंतर एकाच ठिकाणाहून ड्रायव्हर घ्या. उबुंटूवर 'उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस' तुमच्या कार्डाला योग्य आवृत्ती सुचवतं. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रेपॉझिटरीचं 'एकेमॉड-एनव्हिडिया' घेतलं तर मॉड्यूल बांधून होईपर्यंत काही मिनिटं थांबून मगच रीबूट करा. आर्चवर अर्धवट अपडेट करायचाच नाही, कर्नल आणि ड्रायव्हर एकाच फेरीत यायला हवेत.

चालू लागलेली आवृत्ती गोठवून ठेवावी असं अनेकांना वाटतं, आणि ते चूक नाही. पण 'एपीटी-मार्क होल्ड' फक्त मुख्य पॅकेजाला लावलं तर लायब्ररीची पॅकेजं पुढे सरकू पाहतात आणि पुन्हा गाठ पडते. होल्ड लावायचा तर मॉड्यूल, लायब्ररी आणि ३२-बिट भाग अशा सगळ्यांना लावा. आणि नवा कर्नल आला की जुना लगेच पुसू नका. ड्रायव्हर तोच असेल तर जुन्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल अजून जागेवर असतं. नव्यावर स्क्रीन आली नाही, तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून त्याच जुन्या कर्नलवर जाऊन निवांतपणे मेक.लॉग वाचता येतो.